विजेचा चिमटा विकत घेण्याआधी कत्तलखान्यात काय सुधारावे

सोलापूर शहरालगत परवानाधारक कत्तलखाना चालवणाऱ्या एका गृहस्थांनी सविस्तर प्रश्न विचारला आहे. त्यांच्याकडे रोज शंभर-सव्वाशे शेळ्यामेंढ्या आणि आठवड्यातील काही दिवस म्हशी व रेडे कापले जातात. सुरी लागण्याआधी जनावराला बेशुद्ध करावे, म्हणजे ज्याला सगळे स्टनिंग म्हणतात ते सुरू करावे, असे त्यांच्या मनात आहे. शेळ्यामेंढ्यांसाठी डोक्याला वीज लावणारा चिमटा आणि म्हशींसाठी कपाळात पोलादी दांडा मारणारे बोल्ट पिस्तूल घेण्याचा विचार आहे. हे कायद्याने सक्तीचे आहे का, हलालच्या दृष्टीने चालेल का, आणि पिढीजात काम करणाऱ्या माणसांना प्रशिक्षण द्यायचे तर ते नेमके कशाचे, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत. पशुवैद्यक म्हणून माझी बरीच नोकरी कत्तलपूर्व तपासणीत आणि मांसावर शिक्के मारण्यात गेली, त्या अनुभवावरून उत्तर देतो.

माझे मत आधीच सांगतो. उपकरण जरूर घ्यावे, परंतु खरेदीच्या यादीत ते शेवटी ठेवावे. जनावर चिमट्यापर्यंत कसे येते आणि चिमटा लावल्यानंतर ते खरोखर बेशुद्ध झाले आहे हे कोण तपासते, या दोन गोष्टींची घडी आधी बसलेली नसेल तर चिमटा जनावराच्या वेदनेत भरच घालतो.

कायद्याचा भाग तुलनेने सरळ आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा 1960 चा कायदा आहे. त्याच्या कलम 28 नुसार एखाद्या समाजाच्या धर्माला आवश्यक असलेल्या पद्धतीने जनावर मारणे हा त्या कायद्याखाली गुन्हा ठरत नाही. त्याच कायद्याखाली 2001 साली कत्तलखान्यांसाठी नियम झाले. त्यांत जनावराला बेशुद्ध करण्यासाठी स्वतंत्र जागा लवकरात लवकर करावी असे म्हटले आहे, आणि ही जागा धार्मिक पद्धतीच्या कत्तलीलाही सोयीची होईल अशी आखता येते असेही म्हटले आहे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या 2011 च्या परवानाविषयक विनियमांतील चौथ्या अनुसूचीत तर आधी बेशुद्ध करून मग रक्तस्राव करण्याचीच पद्धत वर्णिली आहे. थोडक्यात, कायद्याचा कल स्टनिंगकडे आहे आणि धार्मिक पद्धतीला संरक्षणही आहे. तुमच्या परवान्यातील अटी काय म्हणतात ते वेगळे वाचावे लागेल.

परंतु याच 2001 च्या नियमांत स्टनिंगपेक्षा कितीतरी स्पष्ट शब्दांत लिहिलेल्या गोष्टी आहेत आणि नेमक्या त्याच बहुतेक ठिकाणी पाळल्या जात नाहीत. एका जनावराची कत्तल दुसऱ्या जनावराच्या नजरेसमोर करता येत नाही. गाभण मादी, तीन महिन्यांखालील पिल्लू आणि तीन महिन्यांपेक्षा लहान पिल्लू असलेली मादी कापता येत नाही. कापणारा माणूस अठरा वर्षांचा पूर्ण असावा लागतो आणि त्याच्याकडे स्थानिक संस्थेने दिलेला वैध परवाना असावा लागतो. म्हणजे कत्तलखान्याचा परवाना वेगळा आणि कापणाऱ्या माणसाचा वेगळा. एका पशुवैद्यकाने तासाला 12 पेक्षा अधिक आणि दिवसाला 96 पेक्षा अधिक जनावरे तपासू नयेत, असाही नियम आहे. तुमचा रोजचा आकडा शंभर-सव्वाशेचा असेल तर एका डॉक्टरवर तुमचे काम नियमानुसार होऊच शकत नाही, हे चिमट्याचे दरपत्रक मागवण्याआधी लक्षात घ्यावे. जनावरामागे पाच मिनिटे हा हिशेब कागदी वाटतो खरा. पण शेळी गाभण आहे की नाही हे हात लावून पाहायचे, डोळ्यांची आतली त्वचा पाहायची, ताप असल्याचा संशय आला तर थर्मामीटर लावायचा, एवढे केले तरी पाच मिनिटे सहज जातात.

आता मूळ विषयाकडे येतो. गळा कापल्यानंतर जनावराची शुद्ध किती वेळात हरपते, यावर स्टनिंगची गरज किती हे अवलंबून असते आणि इथे शेळीमेंढी व म्हैस यांत मोठा फरक आहे. शेळ्यामेंढ्यांच्या मेंदूला रक्त जवळजवळ सर्वस्वी मानेच्या दोन्ही बाजूंच्या मोठ्या धमन्यांतून मिळते. धारदार सुरीने एका फटक्यात या दोन्ही धमन्या तुटल्या तर साधारण 5 ते 20 सेकंदांत शुद्ध जाते. गाई-म्हशींच्या कुळात मानेच्या मणक्यांतून जाणाऱ्या धमन्याही मेंदूला रक्त पुरवतात आणि त्या गळा कापताना तुटत नाहीत. शिवाय तुटलेल्या धमनीचे तोंड आत ओढले जाते आणि भोवती रक्ताची गाठ धरून वाहणे मंदावते, असेही मोठ्या जनावरांत घडते. त्यामुळे मोठे जनावर सरासरीने वीसेक सेकंदांत शुद्ध हरपत असले तरी काही जनावरे मिनिटभर किंवा त्याहूनही अधिक काळ शुद्धीवर राहतात. यातून एक अडचणीचा निष्कर्ष निघतो. स्टनिंगची सर्वांत जास्त गरज म्हशीला आहे आणि उपकरण वापरायला सर्वांत कठीणही म्हशीलाच आहे. त्याकडे पुढे येतो. आधी शेळ्यामेंढ्या.

शेळीमेंढीसाठी फक्त डोक्याला वीज लावण्याची पद्धत योग्य आहे. चिमट्याचे दोन्ही विद्युताग्र, म्हणजे वीज सोडणारी टोके, डोळा आणि कानाचे मूळ यांच्या मधल्या जागेवर, डोक्याच्या दोन्ही बाजूंना, एकाच वेळी घट्ट बसले पाहिजेत, म्हणजे प्रवाह मेंदूतून आरपार जातो. शेळीमेंढीसाठी आंतरराष्ट्रीय पातळीवर मान्य झालेला किमान प्रवाह 1 अँपिअर आहे आणि तो दोन-तीन सेकंद धरतात. इथे व्होल्टपेक्षा अँपिअर महत्त्वाचे आहेत. दख्खनी किंवा माडग्याळ मेंढीची लोकर कोरडी असेल तर विरोध इतका वाढतो की मीटरवर व्होल्ट दिसतात आणि मेंदूपर्यंत पुरेसा प्रवाह पोहोचतच नाही. म्हणून ती जागा ओली करणे, विद्युताग्रांवर साचलेली जळकी लोकर तारेच्या ब्रशने वरचेवर काढणे, आणि जनावरागणिक अँपिअरचा काटा पाहणे ही कामे सांगून ठेवलेल्या एका माणसाची असली पाहिजेत. आपल्याकडे उन्हाळ्यात दाब खाली-वर होतो, तेव्हा प्रवाह स्थिर ठेवणारे यंत्रच घ्यावे. एखाद्या वायरमनकडून घरच्या विजेवर चालणारा चिमटा जोडून घेण्याचा मोह फार जणांना होतो. ओल्या फरशीवर उघड्या पायांनी काम करणाऱ्या माणसाचा जीव त्यात जाऊ शकतो, आणि जनावराच्या बाबतीत तर त्याहून वाईट घडते. प्रवाह अपुरा असेल तर स्नायू आखडतात, जनावर निश्चल होते, ओरडू शकत नाही आणि पूर्ण शुद्धीवर असते. पाहणाऱ्याला मात्र काम एकदम शांत आणि सुरेख झालेले दिसते.

हा मुद्दा मी मुद्दाम लांबवतो आहे, कारण प्रशिक्षणाचा गाभा इथेच आहे. आपल्या कामगारांची वर्षानुवर्षांची समजूत अशी की लाथा झाडतो तो जिवंत आणि गप्प पडला तो गेला. नीट बेशुद्ध केलेल्या बोकडाच्या बाबतीत ही समजूत उलटी ठरते. वीज नीट लागली की त्याच क्षणी पाय दुमडून तो खाली येतो, मान मागे ताठ होते, पुढचे पाय लांब होतात, आणि श्वास थांबतो. ही ताठरपणाची अवस्था दहा ते वीस सेकंद टिकते. त्यानंतर पाय जोरजोरात झाडायला लागतात, पोहल्यासारखे हलतात. ही अपस्माराच्या झटक्याची दुसरी अवस्था आहे आणि त्या वेळी मेंदूला काही जाणवत नसते. नवा माणूस नेमका या वेळी घाबरतो, पुन्हा चिमटा लावतो किंवा सुरी चालवायला थांबतो, आणि थांबण्यातच वेळ निघून जातो. कारण ही बेशुद्धी तात्पुरती आहे. चिमटा काढल्यापासून 15 ते 20 सेकंदांच्या आत सुरी फिरलीच पाहिजे, नाहीतर रक्त वाहत असताना जनावर शुद्धीवर येऊ शकते. म्हणून चिमटा लावणारा आणि सुरी धरणारा यांच्यात हाताच्या अंतराहून जास्त अंतर असू नये. एकाने दहा बोकडांना ओळीने चिमटा लावायचा आणि दुसऱ्याने मागून कापत यायचे, ही रचना दिसायला वेगवान आहे आणि ती कदापि करू नये.

मग खरी खूण कोणती? पाय पाहायचे नाहीत, फासळ्या पाहायच्या. फासळ्यांची एका लयीत वरखाली हालचाल दोनदा दिसली तर जनावर परत येत आहे असे समजावे. मधेच एखादी आचक्याची उचकी आली तर ती वेगळी, तिच्यात लय नसते. दुसरी खूण डोळा. बुबुळाच्या पृष्ठभागाला बोटाच्या टोकाने हलकेच स्पर्श करायचा. पापणी मिटली तर शंका घ्यायची. चालत्या माणसामागे डोळा फिरला किंवा पापणी आपण होऊन लवली तर शंकेलाही जागा नाही. मान सावरून उठण्याचा प्रयत्न आणि ओरडणे ही तर उघड चिन्हे आहेत. यांपैकी काहीही दिसले तर मुकादमाची वाट न पाहता पुन्हा बेशुद्ध करण्याचा अधिकार सुरी धरणाऱ्या माणसाला असला पाहिजे. चिमटा लावण्याच्या क्षणीच बोकड ओरडला तर त्याचा अर्थ निराळा आहे. विद्युताग्र टेकण्याआधीच बटण दाबले गेले किंवा एकच बाजू टेकली. अमेरिकेतील प्राणिशास्त्रज्ञ टेंपल ग्रँडिन यांनी कत्तलखान्यांच्या तपासणीसाठी मोजमापाची पद्धत रूढ केली. तीत चिमटा योग्य जागी बसण्याचे प्रमाण 99 टक्के असावे अशी अपेक्षा आहे. शंभरात एक चूक म्हणजे तुमच्याकडे रोजचे एक जनावर. एवढ्या बारकाईने मोजले तरच तो आकडा कळतो.

दुसरा प्रश्न हलालचा. इथे मी धर्मनिर्णय देत नाही, तो माझा अधिकार नाही. पण वस्तुस्थिती सांगतो. फक्त डोक्याला दिलेल्या विजेने जनावर मरत नाही. गळा कापला नाही तर ते काही मिनिटांत उठून उभे राहते. मृत्यू सुरीने झालेल्या रक्तस्रावानेच होतो. या आधारावर न्यूझीलंडमध्ये हलाल मेंढ्या अशाच पद्धतीने बेशुद्ध करून कापल्या जातात आणि मलेशियाच्या हलाल मानकातही ठरावीक अटींवर ही पद्धत मान्य आहे. दुसरीकडे, कोणतेही स्टनिंग नको असे मानणारे विद्वानही आहेत. तुमच्या दुकानदारांचे समाधान ज्यांच्या शब्दाने होते त्या शहरातील मौलानांना आधी बोलावून, पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली एक जनावर बेशुद्ध करून परत उठताना त्यांना दाखवावे. छापील पत्रकापेक्षा हे प्रात्यक्षिक अधिक प्रामाणिक आहे आणि निर्णय त्यांचा त्यांनाच घेऊ द्यावा. त्यांनी नको म्हटले तर लपूनछपून चिमटा वापरण्याचा विचारही करू नये. हा व्यवसाय विश्वासावर चालतो. आपल्या भागात कंदुरीचा किंवा जत्रेचा बोकड हिंदू घरचा असला तरी सुरी मुलाणीच फिरवतो, हे तुम्हाला सांगायला नको. त्या माणसाला वगळून या विषयात काहीही पुढे जात नाही. आणि एक लक्षात घ्या, सुरीला उत्तम धार लावावी, ती जनावरासमोर लावू नये आणि जनावराला त्रास होऊ देऊ नये, ही शिकवण त्याच्याकडे परंपरेनेच आलेली आहे. प्रशिक्षक जेव्हा ती नवी विद्या म्हणून त्याला ऐकवतो तेव्हा त्याला राग येतो, आणि तो राग रास्त आहे.

रक्त पूर्ण निघत नाही ही तक्रारही तुम्हाला ऐकू येईल. मेंढ्या आणि मोठी जनावरे यांवर झालेल्या तुलनात्मक अभ्यासांत बेशुद्ध करून कापलेल्या आणि तसेच कापलेल्या जनावरांच्या रक्तस्रावात म्हणण्यासारखा फरक आढळलेला नाही. रक्त कमी निघण्याचे कारण बहुधा एकच धमनी तुटणे किंवा सुरी बोथट असणे हे असते.

म्हणूनच, चिमटा येवो न येवो, सुरीकडे लक्ष द्यावेच लागते. पाते जनावराच्या मानेच्या रुंदीच्या किमान दुप्पट लांबीचे असावे, म्हणजे टोक जखमेत रुतत नाही. धार पाहण्याची साधी रीत अशी की वर्तमानपत्राचा एक कागद एका हाताने कोपऱ्याला धरून लोंबकळत ठेवायचा आणि दुसऱ्या हाताने सुरी फिरवायची. कागद न फाटता सरळ कापला गेला तर सुरी कामाची. अर्ध्यात अडकून कागद चुरगळला तर ती सुरी धार होईपर्यंत बाजूला. एका माणसाकडे एकच सुरी असेल तर धार लावायला तो थांबत नाही. त्याच्याकडे तीन-चार सुऱ्या असाव्यात आणि त्या धुण्यासाठी जवळच गरम पाणी असावे. पुढचा मुद्दा माझ्या मते चिमट्याइतकाच मोलाचा आहे. सुरी फिरल्यानंतर मान मागे मोडणे, मणक्यात सुरीचे टोक खुपसणे, कातडे सोलायला घेणे किंवा मुंडी वेगळी करणे हे सगळे ताबडतोब सुरू होते, कारण मागचा बोकड रांगेत उभा असतो. शेळीमेंढीला किमान वीस सेकंद आणि म्हशीला तीस सेकंद कोणीही हात लावायचा नाही, आणि हालचाल चालू असेल तर त्यानंतरही नाही. हे पाळायला एक रुपयाही लागत नाही.

आता म्हैस. बोल्ट पिस्तुलात काडतुसाच्या किंवा हवेच्या दाबाने पोलादी दांडा बाहेर येतो, कवटी भेदून मेंदूत शिरतो आणि परत आत जातो. गाई-बैलांसाठी ठरलेली जागा म्हणजे प्रत्येक डोळ्यापासून विरुद्ध बाजूच्या शिंगाच्या मुळापर्यंत काढलेल्या दोन तिरक्या रेषा जिथे छेदतात ती. म्हशीला हे तसेच लागू केले की घात होतो. म्हशीच्या कपाळाचे हाड जाड, त्याखालच्या हवेच्या पोकळ्या खोल, आणि नेहमीच्या पिस्तुलाचा दांडा मेंदूपर्यंत पुरेसा पोहोचत नाही. परदेशांतील अभ्यासांतही पाणम्हशींबाबत हेच दिसून आले आहे. आपल्याकडे त्यात पंढरपुरी म्हशीची भर पडते. तिची तलवारीसारखी मागे गेलेली लांब शिंगे खांद्यापर्यंत येतात, त्यामुळे बाजारात तयार मिळणाऱ्या स्टनिंग बॉक्समध्ये, म्हणजे बेशुद्ध करताना जनावर उभे करण्याच्या पिंजऱ्यात, तिचे डोके नीट बसत नाही, शिंग आडव्या दांड्यात अडकते आणि ती झटापट करते. डोके स्थिर नसेल तर नेम लागत नाही, आणि नेम चुकलेली म्हैस बॉक्समध्ये शुद्धीवर असणे हे जनावरासाठी भयंकर आणि माणसासाठी जीवघेणे आहे. शिवाय हलालच्या दृष्टीने कवटी भेदणाऱ्या बोल्टला विजेपेक्षा अधिक विरोध होतो.

त्यामुळे म्हशींसाठी माझा सल्ला असा की पिस्तुलाचा विचार तूर्त पुढे ढकला. त्याआधी डोके धरणारा, शिंगांना जागा देणारा बॉक्स स्थानिक फॅब्रिकेटरकडून आपल्या जनावरांच्या मापाने बनवून घ्या. पाय बांधून, दोर ओढून, ओल्या फरशीवर आदळून म्हैस पाडणे तेवढ्याने थांबले तरी मोठी मजल मारली असे मी म्हणेन. पुढे पिस्तूल घ्यायचे झाल्यास जाड कवटीसाठीचे, जास्त ताकदीचे आणि लांब दांड्याचे घ्यावे. रोज काम संपल्यावर ते उघडून काजळी काढावी आणि काडतुसे कोरडी ठेवावीत, कारण दमट काडतुसाचा मारा मंदावतो आणि ते बाहेरून कळत नाही. भरलेले दुसरे पिस्तूल हाताशी नसेल तर पहिले वापरूच नये. काही ठिकाणी सुरी फिरल्यानंतर लगेच बोल्ट मारण्याची तडजोड स्वीकारली जाते. मौलाना ती मान्य करत असतील तर म्हशीच्या बाबतीत ती उत्तम आहे, कारण मघाशी सांगितलेले ते लांबलेले मिनिट त्यामुळे टळते.

जनावर आत येण्याच्या वाटेबद्दल थोडे सांगतो. सांगोल्याच्या किंवा मोहोळच्या बाजारातून टेम्पोत उभी राहून आलेली मेंढरे एप्रिल-मेच्या सोलापुरी उन्हात उतरवायची तर पहाटेच उतरवावीत, सावली व पाणी द्यावे आणि थकवा जाऊ द्यावा. पाणी शेवटपर्यंत समोर असावे, चारा मात्र कत्तलीआधी बारा तास बंद ठेवावा. निवाऱ्यात लहान जनावरामागे 1.6 आणि मोठ्यामागे 2.8 चौरस मीटर जागा नियमांनीच ठरवून दिली आहे. दमलेल्या, घाबरलेल्या जनावराच्या स्नायूंतील साखर संपते, त्यामुळे मांसाची आम्लता नीट वाढत नाही. मांस गडद, चिकट राहते आणि लवकर खराब होते. लोकर धरून मेंढी उचलली की त्या जागी कातड्याखाली रक्त साकळते. खाटकाच्या दुकानात तो काळा-निळा भाग कापून फेकावा लागतो आणि तो तोटा तुमच्याच खात्यात पडतो. मेंढी एका हाताने हनुवटीखाली धरावी आणि दुसऱ्या हाताने मागून पुढे ढकलावी. शेळी मात्र ढकलण्यापेक्षा पुढे चालणाऱ्या सरावाच्या बोकडामागे सहज येते. आत येणारी वाट अंधारातून उजेडाकडे जाणारी असावी, तिच्यावर पाण्याची चमक नसावी, फरशीला खाचा पाडलेल्या असाव्यात. जनावर अडले की कामगार काठी उचलतो. अशा वेळी आपण खाली बसून जनावराच्या उंचीवरून समोर पाहावे, बहुतेक वेळा एखादी लोंबणारी पिशवी किंवा गटाराची जाळी दिसते.

प्रशिक्षणाबाबत संस्थांची नावे प्रथम देतो. हैदराबादजवळ चेंगीचेर्ला येथे भारतीय कृषी संशोधन परिषदेची मांस संशोधन संस्था आहे आणि ती सोलापूरहून महामार्गाने एका दिवसाच्या अंतरावर आहे. महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची मुंबई, उदगीर, शिरवळ येथील महाविद्यालयेही तुम्हाला तज्ज्ञ पुरवू शकतात. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या फॉस्टॅक या प्रशिक्षण योजनेत मांस व्यवसायासाठी अभ्यासक्रम आहे आणि 25 कामगारांमागे एक प्रशिक्षित पर्यवेक्षक असावा अशी तिची अपेक्षा आहे. तो अभ्यासक्रम जरूर करावा, पण त्याचा भर स्वच्छतेवर आणि तापमानावर आहे. जनावराची शुद्ध गेली की नाही हे ओळखायला त्यातून कोणी शिकत नाही. ते कत्तलीच्या फरशीवर, पहाटेच्या पाळीत, हात धरूनच शिकवावे लागते.

भाषेचाही विचार करा. सोलापुरात एकाच पाळीत दखनी बोलणारा, कानडी बोलणारा आणि तेलुगू बोलणारा माणूस शेजारी शेजारी उभा असतो. मराठी किंवा इंग्रजी स्लाइड दाखवून प्रमाणपत्रे वाटण्याला अर्थ नाही. तुमच्याकडचा सर्वांत हातखंडा कारागीर, ज्याच्या सुरीचा सगळे मान ठेवतात, त्याला आधी एकट्याला तयार करावे आणि बाकीच्यांना त्याने शिकवावे. पहिल्या आठवड्यात फक्त डोळा आणि फासळ्या तपासणे, दुसरे काही नाही. मारलेल्या जनावराच्या मुंड्या आणून, कवटी करवतीने उभी चिरून मेंदू नेमका कुठे आहे ते दाखवावे. अनेक वर्षे काम केलेली माणसेसुद्धा ते पाहून वाकून बघत राहतात, कारण मेंदू ते समजत असतात त्यापेक्षा बराच वर आणि लहान असतो. याच वेळी त्यांच्या स्वतःच्या तब्येतीचेही बोलावे. धनुर्वाताचे इंजेक्शन, सुरी न धरणाऱ्या हातात जाळीचा हातमोजा, गर्भाशय आणि त्यातले पाणी हाताळताना ब्रुसेलोसिस या जनावरांकडून माणसाला लागणाऱ्या रोगाचा धोका. यकृतात किंवा फुप्फुसात पाण्याच्या गाठी आढळल्या तर ते अवयव कुत्र्यांना कधीही टाकायचे नाहीत, कारण कुत्र्यांमार्फत तो रोग परत मेंढरांत आणि माणसांत येतो.

एक गोष्ट मात्र कोणत्याही अभ्यासक्रमात येत नाही आणि तुमच्याच हातात आहे. मजुरी नगावर आहे. जितके बोकड तितके पैसे, अशा हिशेबात वीस सेकंद थांबणारा, सुरी बदलणारा, पुन्हा चिमटा लावणारा माणूस स्वतःच्या खिशातून दंड भरत असतो. त्याला दयेवर व्याख्यान देण्यात काय अर्थ आहे? किमान कापणाऱ्या आणि बेशुद्ध करणाऱ्या माणसांना तरी रोजंदारी किंवा महिन्याचा पगार द्यावा. सोलणे, साफ करणे नगावर राहिले तरी चालेल. एका कत्तलखान्यात चांगले आयात केलेले यंत्र महिनोनमहिने भिंतीला टांगून ठेवलेले मी पाहिले आहे. यंत्र उत्तम चालत होते, पण ते वापरले की तासाला बोकड कमी निघत आणि मजुरी बुडे, म्हणून तपासणीच्या दिवशीच ते खाली उतरे.

सुरुवात कधी करावी हेही सांगून ठेवतो, कारण बरेच जण परवाना नूतनीकरणाच्या घाईत भलत्या वेळी करतात. आखाडातील रविवार आणि बकरी ईदचे दिवस शिकण्याचे नाहीत. श्रावणात मटणाची मागणी उतरते, पाळी हलकी असते, तेव्हा पहिला टप्पा घ्यावा: सुऱ्या, वीस सेकंदांचा नियम, एकमेकांच्या नजरेआड कत्तल होईल असा आडपडदा, आणि रोज निदान पन्नास जनावरांचे डोळे व फासळ्या तपासून वहीत नोंद. वहीत चार रकाने पुरेत: किती तपासली, किती शुद्धीवर आढळली, कोणाची पाळी होती, आणि काय केले. नवरात्रात परत थोडी उसंत मिळते, तेव्हा चिमटा आणून मौलानांसमोरचे प्रात्यक्षिक आणि चिमट्याचा सराव करावा. दिवाळीनंतर त्या वहीतील शुद्धीवर आढळलेल्या जनावरांचा रकाना पाहून, तो आकडा खाली येत असेल तरच, म्हशीच्या पिस्तुलासाठी पुरवठादाराशी बोलणे सुरू करावे, आणि बोलताना त्याला पंढरपुरी म्हशीच्या कवटीचे माप आधी हातात द्यावे.